घर बंद, माणसं माळावर

अहवालात दोनच ओळी होत्या. ‘घर बंद. सदर कुटुंब नमूद पत्त्यावर राहत असल्याचे आढळून आले नाही.’ खाली आमच्या दाराच्या कुलपाचा फोटो, त्यावर तारीख, वेळ आणि जागेचे आकडे आपोआप छापलेले. फोटो स्वच्छ आला होता. दारावरचं आंब्याच्या पानांचं सुकलेलं तोरणसुद्धा दिसत होतं.

मी तो कागद दोनदा वाचला आणि बालकल्याण समितीच्या ऑफिसातल्या क्लार्कबाईंना म्हटलं, यातला एकही शब्द खोटा नाही, तरीही अहवाल चूक आहे. त्या म्हणाल्या, जे काय असेल ते लेखी द्या. मी तिथेच बाकावर बसून लेखी दिलं. त्या दिवशी आमचंच काय, गावातलं एकही घर उघडं नव्हतं, कारण आमची गावपळण होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवणच्या किनाऱ्यालगतच्या काही गावांत तीन-चार वर्षांनी एकदा अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर जाऊन राहतं. देवाला कौल लावून दिवस ठरतो. मग म्हातारी माणसं, पाळण्यातली मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांना घेऊन निघायचं. माळावर माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या घालायच्या आणि तीन दिवस, तीन रात्री तिथे काढायच्या. गावात दिवा लावायलाही कोणी मागे राहत नाही. चौथ्या दिवशी कौल मिळाला तर परतायचं, नाही तर मुक्काम वाढतो. यामागे काय आहे ते मला विचारू नका. लग्न होऊन आल्यापासून मी दर खेपेला पळते आहे. तेवढे दिवस मला कोणी केर काढायला सांगत नाही, हे कारण माझ्यापुरतं पुरेसं आहे.

मुलगी सांभाळायला मिळावी म्हणून मी आणि माझ्या नवऱ्याने प्रतिपालक कुटुंब म्हणून अर्ज केला होता. घराची तपासणी करायला ती राहत होती त्या बालगृहाच्या संस्थेचा समाजसेवक आला तो नेमका पळणीच्या दुसऱ्या दिवशी. तो घाटावरचा, नवीन. एसटीतून उतरला तेव्हा गावात कुत्रंही नव्हतं. त्याने आमचं घर शोधलं, कुलपाचा फोटो काढला आणि तीच एसटी पुढून वळून आली तिने निघून गेला.

त्याच्यावर रागवायला मला जागा नव्हती. न सांगता जायचं, आधी फोन करायचा नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. सांगून गेलं की लोक ताटं मांडून बसतात आणि त्यातून काही कळत नाही, असं मी त्याला म्हटलं होतं. अर्ज देताना वर फुशारकीही मारली होती: कधीही या, आमच्या घराला कुलूप नसतं.

मी सोळा वर्षं मुलींच्या बालगृहात गृहमाता होते. शब्द मोठा आहे. काम म्हणजे मुख्यतः घंटा वाजवणं. साडेपाचला उठायची, सहाला न्हाणीच्या रांगेची, सातला प्रार्थनेची. एका वेळी तीस-पस्तीस मुली असायच्या, घंटेशिवाय जमलं नसतं. आम्ही मुलींना मारत नव्हतो, उपाशी ठेवत नव्हतो, डोक्यात उवा होऊ देत नव्हतो. तपासणीला येणारे लोक रजिस्टरं बघून खूश होऊन जायचे. आपल्या मुलांचा वाढदिवस आमच्याकडे साजरा करायला येणाऱ्यांची तर रीघ असायची. एका रविवारी अशी तीन कुटुंबं आली. आमच्या मुलींनी तीन वेळा टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, तीन वेळा केक खाल्ला, आणि संध्याकाळी एक जण ओकली. मी तिला लिंबाचं पाणी दिलं आणि रजिस्टरमध्ये ‘अपचन’ असं लिहिलं.

मी सांगते आहे ती मुलगी पाच वर्षांची असताना आली. आई वारलेली, वडील निघून गेलेले. ती माझी लाडकी वगैरे नव्हती. एवढ्या मुलींत एक लाडकी धरली की बाकीच्यांचं वाटोळं होतं. ती चपला दुरुस्त करायची एवढं मात्र माझ्या लक्षात होतं. कोणाचाही पट्टा तुटला की तिच्याकडे जायचा. सेफ्टी पिन, तार, बाटलीचं बूच, जे हाती लागेल ते घालून ती चप्पल चालती करायची. पाणी प्यायचं असेल तर बोट वर करायची. सगळ्याच करायच्या. नियम होता.

ती अकरा वर्षांची झाली त्या वर्षी संस्थेने ठरवलं की मुलींची संख्या कमी करायची आणि दहा वर्षांवरच्या मुलींना जूनच्या आत घाटावरच्या एका मोठ्या संस्थेत हलवायचं. मुलांना शक्यतो कुटुंबात ठेवा, आधी नातेवाइकांकडे, तसं कोणी नसेल तर दुसऱ्या तयार कुटुंबात, अशा सूचना वरून कधीच्या आलेल्या होत्या. कागद फाईलला लावला होता. पण कुटुंब शोधायला चार गावं फिरावी लागतात, आणि मुली हलवायला एक गाडी पुरते. आंबोलीचा घाट चढून गेलेली मुलगी परत खाली येत नाही. मी याआधी चौघींना त्या गाडीत बसवलं होतं. पुढे त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलंही नव्हतं.

या खेपेला यादीत तिचं नाव होतं. मी सचिवांना सांगितलं की ही मुलगी मी नेते. नोकरीत असताना अर्ज करता येत नाही, असं ते म्हणाले. मी नोकरी सोडली. मग त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं. इथे मुलीला काय कमी आहे? कंपाउंड आहे, कॅमेरे आहेत, शिकवणी आहे. शेवटी म्हणाले, “बाई, सोळा वर्षं तुम्हीच ही संस्था चालवलीत. आता तिलाच नावं ठेवता?”

“चालवली म्हणूनच ठेवते,” मी म्हटलं आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या टेबलावर ठेवला.

नवऱ्याला पटवायला वेळ लागला नाही. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि बोलणं मोजून करतो. मुलगा गोव्याला नोकरीला, त्याची खोली रिकामीच. नवरा म्हणाला, “जागा आसा. तांदूळ मूठभर वाढव.” त्याच्यापुरता विषय संपला.

शेजारी राहणाऱ्या माझ्या जाऊबाई मात्र सोडणाऱ्या नव्हत्या. पळणीत आमची झोपडी एकच होती, त्यामुळे तीन दिवस मला दुसरीकडे पळायला जागा नव्हती. खरं तर त्या समाजसेवकाने वेशीपर्यंत चालत येऊन कोणालाही विचारलं असतं, तर त्याला आमचं घर भिंतींसकट बघता आलं असतं, फक्त भिंती झावळ्यांच्या होत्या. पुढ्यात तीन दगडांची चूल. नवरा माळावर चौघांना जमवून पत्ते खेळत होता. मी आणि जाऊबाई बांगडे साफ करत होतो आणि आमचं भांडण रंगात आलं होतं.

त्यांचं म्हणणं, पोरीची कुळी माहीत नाही, गोत माहीत नाही, उद्या घरात काही वाईट घडलं की लोक तिच्याकडे बोट दाखवतील. परतायचा कौल लावतील तेव्हा हिच्याबद्दलही देवाला विचारून टाक.

मी म्हटलं, “वैनी, देवान नको म्हणून सांगल्यान तर मी आयकतलंय काय?”

“तू कसली आयकतंस.”

“मगे इचारू कित्याक?”

त्यांनी हातातला बांगडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “तुज्या तोंडाक देवय भियतलो,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. चौथ्या दिवशी कौल मिळाला, आम्ही घरी आलो, कुलूप काढलं. कोणी येऊन त्याचा फोटो काढून गेलंय हे आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं.

सुनावणीला समितीचे तीन सदस्य होते. अध्यक्ष निवृत्त शिक्षिका, चष्म्यावरून बघणाऱ्या. संस्थेचे सचिव आले होते, समाजसेवकही आला होता आणि माझी नजर चुकवत होता. मी ग्रामपंचायतीचं पत्र दिलं, झोपडीचे फोटो दाखवले. गावपळण म्हणजे काय ते तिथल्या शिपायालाही ठाऊक होतं, त्यामुळे ‘कुटुंब राहत नाही’ हा मुद्दा पाच मिनिटांत निकालात निघाला. मला वाटलं, झालं.

पण सचिव उठले. परंपरेचा आपल्याला आदरच आहे, असं म्हणाले. तरीपण वयात येणारी मुलगी तीन दिवस उघड्या माळावर ठेवणं, साप, विंचू, बाहेरची माणसं, याचाही विचार व्हावा. घाई नको. दुसरी गृहभेट रीतसर होऊ दे, पालकांचं प्रशिक्षण होऊ दे. तोपर्यंत मुलीची बदली ठरल्याप्रमाणे करावी. बाकीचं नंतर बघता येईल.

ते वाईट बोलले असं नाही. सोळा वर्षं मीही असंच बोलत होते. अध्यक्षबाईंनी मान हलवायला सुरुवात केली, आणि मला कळलं की ‘नंतर बघू’ हा शब्द कागदावर गेला की मुलगी गाडीत बसणार.

मी म्हटलं, “मुलीची जुनी फाईल काढा. सहा वर्षांपूर्वीचा गृहभेटीचा अहवाल असेल.”

क्लार्कबाईंनी शोधून काढला. अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचला. ‘घर बंद. नातेवाईक इच्छुक दिसत नाहीत.’ मग म्हणाल्या, “सही कोणाची आहे?”

“माझी.”

तेव्हा संस्थेत समाजसेवक नव्हता, म्हणून भेटीला मला पाठवलं होतं. देवगडच्या बाजूला या मुलीची मावशी राहायची. एप्रिल महिना होता. मी दुपारी पोचले, दाराला कुलूप. शेजारच्या घरी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण परतीची एसटी दहा मिनिटांत होती आणि ती चुकली असती तर संध्याकाळच्या घंटेला मी पोचले नसते. मावशी आणि तिचा नवरा हापूसच्या एका बागेत राखणीला होते. फळ उतरेपर्यंत ती दोघं बागेतल्या मांगरात, म्हणजे तिथल्या खोपटात, राहायची. दर वर्षीच राहायची. देवगडात हे शेंबडं पोरही सांगेल. मीही सांगितलं असतं, कोणी मला विचारलं असतं तर. पण कागद भरताना मी कोकणातली बाई नव्हते, संस्थेची होते.

पावसाळ्याच्या तोंडाला मावशी संस्थेत आली होती, असं फाईलमध्येच नोंदलेलं होतं. अहवाल गेला आहे, निर्णय झाला आहे, असं तिला सांगण्यात आलं. सांगणारी मीच असणार. मला तिचा चेहरा आठवत नाही.

मी समितीला सांगितलं की सुनावणीच्या आधी मी त्या मावशीला शोधून फोन केला. ती आता मुंबईला लेकाकडे असते, नवरा अंथरुणाला खिळलेला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता जमणार नाही हो. तेव्हा जमलं असतं.”

एवढं सांगून मी अध्यक्षबाईंना म्हटलं, “नंतर बघू म्हणजे काय होतं ते या फाईलमध्ये आहे. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पण मुलगी घाट चढता कामा नये. दुसरी भेट द्या, दहावी द्या, बदली आज थांबवा.”

सचिव म्हणाले, हे भावनिक होतंय. अध्यक्षबाई म्हणाल्या, “मला तर यात तारीख आणि सही दिसतेय.” त्यांनी बदली थांबवली आणि दुसरी भेट स्वतः घ्यायचं ठरवलं. न सांगता.

त्या आल्या तेव्हा मी आणि जाऊबाई पडवीत सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, पाखडत भांडतच होतो. त्यांनी खोल्या बघितल्या, न्हाणी बघितली, विहिरीला कठडा आहे का ते बघितलं. मग शेजारी म्हणून जाऊबाईंचं मत विचारलं. जाऊबाईंनी पदर सावरला. “हिच्या घरात पोर बरी ऱ्हवात,” त्या म्हणाल्या. “हिच्या वांगडा ऱ्हवणा सोपा नाय. माका तीस वर्सां झाली.” अध्यक्षबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

वार्षिक परीक्षा झाल्यावर मुलगी आली. एक बॅग आणि चपलांच्या पट्ट्यांची पिशवी. पहिल्या सकाळी मी सहाला उठले तर ती अंथरुणाची घडी करून घडीवर बसली होती, घंटेची वाट बघत. मग टॉवेल घेऊन न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहिली. आत कोणी नव्हतं. रांगेत ती एकटीच होती. जेवताना पाण्यासाठी बोट वर केलं. नवऱ्याला कळेना ती काय दाखवतेय, त्याने वर छपराकडे बघितलं. ते बोट वर करायला मीच शिकवलेलं, खाली आणायला मला तोंड नव्हतं. तांब्या तिच्या पुढ्यात ठेवायला लागले.

बोलायची ती पुस्तकातल्यासारखं. संस्थेत आम्ही मालवणी बोलू देत नव्हतो, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून. जाऊबाई तिला ‘मास्तरीणबाय’ म्हणायला लागल्या. गावात कोणीतरी म्हणालं की हिने कामाला पोरगी आणली. मी तिला आठवडाभर भांड्यांना हात लावू दिला नाही. मग माझ्या लक्षात आलं की लोकांसाठी मी तिला पुन्हा पाहुणीच करून ठेवते आहे. दुसऱ्या दिवसापासून तिच्या वाट्याची भांडी तिने घासली, माझ्या वाट्याची मी.

मे महिन्यात अंगणात बसून रतांबे फोडत होतो, आमसुलांसाठी. तेव्हा मी तिला मावशीचं सांगितलं. सगळं सांगितलं, एसटीसकट. ती फळं फोडत राहिली. मग विचारलं, “मावशीच्या घराला रंग कोणता होता?”

“आठवत नाही. कुलूप पितळेचं होतं.”

“अंगणात काय होतं?”

“मी बघितलं नाही.”

तिने हात धुतले आणि उठून जाऊबाईंकडे गेली. दोन दिवस आली नाही. मी बोलवायला गेले तर आतून म्हणाली, “नाही येणार.” संस्थेत सोळा वर्षांत एकाही मुलीने मला तोंडावर ‘नाही’ म्हटलं नव्हतं. मी परत आले. तिचं जेवण नेऊन दिलं, समजूत घातली नाही, कारण समजुतीचं त्यात काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती आपणहून आली. जाऊबाई फार घोरतात, असं कारण तिने दिलं. मावशीचा फोन नंबर मागून घेतला. आता दोघी बोलतात, काय ते मी विचारत नाही.

पहिल्या वर्षी समाजसेवकाची भेट दर महिन्याला असते, न सांगता. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो आला तेव्हा आम्ही घरी नव्हतो. खाडीला मोठी ओहोटी होती आणि आम्ही तिघं, जाऊबाई चौथ्या, चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढत होतो. तो बांधावरून उतरताना मला दिसला. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी मनात म्हटलं, पुन्हा कुलूप.

त्याने जवळ येऊन मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटोत आमचं कुलूप होतं, आणि कुलपाच्या वर दारावर खडूने लिहिलेलं. ‘आमी खाडीर तिसऱ्यो काढूक गेलंव. सुकती सरापर्यंत थंयच आसंव. येवा.’ ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. अक्षर तिचं. मी तिला लिहायला सांगितलं नव्हतं, आणि तिने मला विचारलंही नव्हतं. नवा रंग दिलेलं दार होतं, ते वेगळंच.

“काय लिहू, बाई?” त्याने विचारलं.

“घर बंद लिहा. खोटं कशाला लिहायचं? आणि पुढे लिहा, माणसं कुठे होती.”

तो तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर लिहायला लागला. त्याचे पाय हळूहळू चिखलात रुतत होते. मुलगी टोपली घेऊन त्याच्या समोर आली आणि थांबली. मला वाटलं, नमस्कार करील. संस्थेत आम्ही तेच शिकवलं होतं.

“सायबांनू, तुमी तिसऱ्यांर उभे आसास,” ती म्हणाली. “वायच सरा.”

तो सरला.